चुकलेला ठोका आणि गोळीची घाई



‘हृदयाचा ठोका चुकला की लगेच गोळी सुरू करा’ हा मागील अंकातील पत्रलेखकांचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या ‘कास्ट’ चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांचे जादा ठोके फ्लेकेनाइड, एन्केनाइड या औषधांनी दबले, पण मृत्यू वाढले!

माझ्या आईचा ठोका चुकू लागला, तेव्हा गोळीआधी तिला चोवीस तास ठोके नोंदवणारा होल्टर लावला होता. पदराआड वायरी सांभाळत तिने भाकऱ्या थापल्या. शंभरात जादा ठोके किती, हे होल्टरमधूनच कळले. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, नॉर्मल निघाला. बीटा ब्लॉकरची छोटी मात्रा पुरली. जादा ठोके फार वाढून हृदयाची पंपिंगची ताकद घटू लागली, तर मात्र अ‍ॅब्लेशनचा (जादा ठोक्यांचा उगम नष्ट करण्याच्या प्रक्रियेचा) विचार लांबवू नये. आणि शुद्ध हरपली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

— एक वाचक, सातारा