'डिअर'चा दुसरा अर्थ आणि आपली 'लाडकी'

परवा भाची इंग्रजीची वही घेऊन आली. "मामा, डिअर म्हणजे प्रिय ना? मग डिक्शनरीत महाग असं का दिलंय?" खरंच दिलंय. इंग्रजांनी एकाच शब्दात माया पण कोंबली आणि किंमत पण. पत्राच्या सुरुवातीला तर त्यातली मायाही जाते. थकलेल्या कर्जाची नोटीससुद्धा 'डिअर कस्टमर' म्हणूनच येते. आपल्याकडं वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, असा नातं बघून शब्द असायचा. (तेही पुढं छापील झालंच म्हणा.)

हे आठवायचं कारण म्हणजे आपल्या सरकारचा 'डिअर', लाडकी. २०२३ ला लेक लाडकी. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात लाडकी बहीण. शेजारच्या मध्य प्रदेशात त्याआधीच लाडली बहना.

आधीच सांगतो, पैशाला माझा विरोध नाही. महिन्याला १५०० रुपये थेट बाईच्या खात्यात येणं काय असतं, हे ज्याच्या खिशात कायम पैसा आहे त्याला कळायचं नाही. माझं भांडण विशेषणाशी आहे.

लाड कोण कुणाचे करतं? मोठा लहानाचे. मनात आलं तर करतो, नाहीतर "लई लाडावलीस" म्हणून गप्प बसवतो. २०२४ च्या निवडणुकीत महायुतीनं २१०० चं आश्वासन दिलं. ते कुठाय असं विचारणारी बाई 'लाडकी' असली की तिला हट्टी ठरवणं किती सोपं! आणि सप्टेंबर २०२५ ला ई-केवायसी काढली, त्यात नवऱ्याचं नाहीतर बापाचं आधार मागितलं. दोघंही नसतील तिनं काय करायचं? सख्ख्या बहिणीला कुणी असा पुरावा मागतं का ओ?

अजून एक गंमत बघा. संजय गांधी योजनेतल्या विधवा बाईलाही १५०० च मिळतात, म्हणून ती लाडकी बहीणमध्ये बसत नाही. रक्कम तेवढीच, पण एक लाडकी आणि तिची शेजारीण 'निराधार'. हे शब्द कोण ठरवतं?

आता १९७२ आठवा. आपल्या भागातल्या बाया दुष्काळात खडी फोडायला गेल्या, सुकडीवर दिवस काढले. माझी आजी त्यातलीच. त्या दुष्काळातल्या कामांतून पुढं १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. त्याच्या नावात माया नाही, 'हमी' आहे. काम मागितलं की सरकारनं द्यायचं, नाही दिलं तर बेकारभत्ता. अंमलबजावणीत घोळ झाले, हजेरीपटावर खोटी नावं आली, ते सगळं मान्य. आजीला तिथं कुणी लाडकी म्हणलं नाही, मुकादम तर धड नावानंही हाक मारत नव्हता. पण मजुरी थकली की ती चार बायांना घेऊन तहसीलपुढं जाऊन बसायची. लाजायची नाही, कारण मागत होती ते तिचं होतं.

म्हणून मागणी साधी आहे. या योजनेचा विधानसभेत कायदा करा. रक्कम किती, कोणत्या तारखेला, नाव कापलं तर दाद कुठं मागायची, ते त्यात लिहा. नाव 'महिला हक्क भत्ता' ठेवा. मग भाषणात बहीण म्हणा नाहीतर म्हणू नका, आमची काही तक्रार नाही.