आधी गिऱ्हाईक की आधी पाइप?



"सर, आधी दुकान मोठं करू की आधी गिऱ्हाईक वाढू देऊ?" प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. आज उत्तर नॉर्वेतून देतो.

सिमेंटसाठी चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टीला कितीही स्वच्छ इंधन वापरा, तो निघणारच. मग तो पकडून जमिनीखाली साठवायचा. पण एकट्या कारखान्याला जहाज, पाइप, विहीर परवडत नाही. आणि गॅस देणारा पक्का नसेल तर पाइप कोण टाकणार? दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

नॉर्वेनं ही कोंडी फोडली. 'नॉर्दर्न लाइट्स' प्रकल्पात ब्रेविकच्या सिमेंट कारखान्याचा गॅस द्रवरूपात जहाजानं बर्गनजवळ येतो. तिथून सुमारे 100 किलोमीटर पाइपनं जाऊन समुद्रतळाखाली 2,600 मीटरवर साठवला जातो. ऑगस्ट 2025मध्ये हे सुरू झालं.

आता आकडे बघा. ब्रेविकचे वर्षाला 4 लाख टन. पहिल्या टप्प्याची क्षमता 15 लाख टन. आणि पाइप? 50 लाख टनांचा!

हा वेडेपणा नाही. टाक्या आणि जहाजं नंतर वाढवता येतात, समुद्रातला पाइप नाही. दुकानातही रॅक नंतर येतील, पण भिंतीतली वायरिंग आधीच दमदार टाकावी लागते.

मात्र मोकळ्या क्षमतेचा भार फुकट उचलला जात नाही. इथे मोठा वाटा सरकारनं, म्हणजे करदात्यानं उचलला. आणि दुसऱ्या टप्प्याला हिरवा कंदील कधी मिळाला? मार्च 2025मध्ये, स्टॉकहोमच्या ऊर्जा कंपनीनं वर्षाला 9 लाख टनांपर्यंतचा 15 वर्षांचा करार केला तेव्हा. म्हणजे पाया मोठा, पण पुढचा खर्च करार हातात आल्यावरच.

आपल्याकडेही नीती आयोगाच्या 2022च्या अहवालात अनेक कारखान्यांसाठी सामायिक जाळ्याची कल्पना आहे. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने जवळजवळच आहेत. उद्या तिथे असं काही ठरलं तर माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येकाचा वेगळा पाइप नको. एकच टाका, एक माप मोठा टाका. पण दर सगळ्यांना जाहीर हवेत आणि तोटा झाला तर कोण भरणार, हे आधीच कागदावर हवं. नाहीतर मोठा कारखाना पाइपचा मालक होईल आणि लहान उद्योग त्याच्या दारात उभा राहील. बाजारात हे आपण रोज बघतो.

तुमच्या धंद्यात नंतर बदलता न येणारी गोष्ट कोणती? आजच वहीत लिहा. मोठा विचार तिथे करा, बाकीचं हळूहळू वाढवा.