शितावरून भाताची परीक्षा

महामारी ओसरली की तिचे आकडेही विस्मरणात जातात. परंतु कोरोनाकाळातील एका मोजणीचा धडा समाजाने विसरता कामा नये. चाचणीत सापडलेले रुग्ण म्हणजे साथीचा संपूर्ण प्रसार नव्हे. लक्षणांवाचून बाधा होऊन गेलेले असंख्य लोक त्या नोंदीत येतच नाहीत. त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे मात्र साक्ष देतात. निवडक व्यक्तींचे रक्त तपासून एकूण प्रसाराचा अंदाज बांधणे, हेच सीरो-सर्वेक्षण. आपल्या भाषेत, शितावरून भाताची परीक्षा! अट एवढीच की, शिते सर्व थरांतून उचललेली हवीत.

मे-जून २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २१ राज्यांतील ७० जिल्ह्यांत अशी पाहणी केली. ०.७३ टक्के प्रौढांना बाधा होऊन गेली होती. नोंदलेल्या एका रुग्णामागे प्रत्यक्ष बाधित ८२ ते १३० होते. त्यासाठी वापरलेला ‘कोविड कवच’ संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने विकसित केला होता, ही स्वावलंबनाची अभिमानास्पद खूण होय.

जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांच्या पाहणीत झोपडपट्ट्यांत ५७ टक्के, तर अन्यत्र १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. ज्या सेवावस्त्यांतील हातांवर महानगराचा गाडा चालतो, त्यांनाच साथीने अधिक गाठले. एका खोलीत सारे कुटुंब राहते, तेथे अंतर पाळायचे कोठे? हा प्रश्न आरोग्याइतकाच समरसतेचाही आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये तिसऱ्या राष्ट्रीय पाहणीचा निष्कर्ष आला : सुमारे २१ टक्के लोकांना बाधा होऊन गेली. म्हणजेच तीन चतुर्थांशाहून अधिक लोक अद्याप धोक्यात होते. परिषदेने तसे बजावलेही. आपण मात्र सोयीचा तेवढाच अर्थ घेतला. मुखपट्टी हनुवटीवर उतरली, मंगल कार्यालये भरली, सभाही भरल्या. एप्रिलमध्ये प्राणवायूसाठी वणवण करताना उरलेला अर्थ उमगला. शिवाय प्रतिपिंडे म्हणजे अभेद्य चिलखत नव्हे. ती कालांतराने घटतात आणि विषाणूचे नवे रूप त्यांना चकवू शकते.

विज्ञान आकडा देते; त्याचा अर्थ पचविण्याची प्रगल्भता समाजालाच अंगी बाणवावी लागते. उद्या एखाद्या साथीत रक्ताचा नमुना मागणारा आरोग्यसेवक दाराशी आला, तर त्याला परत पाठवू नये, आणि वस्तीतील शंकाकुशंका दूर करण्यास कार्यकर्त्यांनी त्याच्यासोबत चालावे. ते चार थेंब देणे, हीही राष्ट्रसेवाच आहे.