पिकाचें नांव आणि पिकाचें कुळ

महसूल कचेरींत तीस वर्षें नांवें लिहिण्यांत घालविल्यावर आमची अशी समजूत झाली होती कीं, नांवाच्या बाबतींत आम्हांस कोणी फसवूं शकणार नाहीं. एका गांवांत एकाच नांवाचे चार खातेदार निघाले, तर बापाचें नांव व आडनांव पाहिल्याशिवाय आम्हीं कधीं नोंद पुढें जाऊं दिली नाहीं. परंतु सेवानिवृत्त होऊन घरच्या वाडींत भाजीपाला करूं लागलों, तेव्हां ही सारी सावधगिरी आम्ही कचेरींतच ठेवून आलों असें दिसून आलें. त्या चुकीची हकीकत सांगून तीवरून बनलेलें आमचें मत वाचकांपुढें ठेवावें, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

वाडी कोंकणांत, विहिरीचें पाणी, दहा गुंठ्यांचा तुकडा. पहिल्या वर्षीं वांगीं लाविलीं. पीक बरें आलें, पण अखेरीस दहापांच झाडें उभीं वाळलीं. जमिनीस फेरपालट हवा हें वाचलेलें होतें, म्हणून दुसऱ्या वर्षीं त्याच जागीं टोमॅटो लाविले. फळें धरण्याच्या सुमारास निम्म्याहून अधिक वाफे मान टाकून बसले. पानें हिरवीं असतांनाच झाड दुपारीं मलूल होई, सायंकाळीं जरा सावरे, आणि दोनचार दिवसांत मरे. बाजारांतील एका दुकानदारानें बुरशीचें औषध दिलें, तें दोनदां ओतलें. पैसे गेले, झाडेंही गेलीं. तिसऱ्या वर्षीं मिरची लाविली, तिचीही तीच गत.

तेव्हां एका जुन्या बागाईतदार स्नेह्यांस बोलाविलें. त्यांनीं मरूं घातलेल्या एका मिरचीचें खोड जमिनीलगत कापिलें, कांचेच्या पेल्यांत स्वच्छ पाणी घेऊन तो तुकडा त्यांत टांगता धरला, आणि कांहीं मिनिटांतच कापलेल्या तोंडांतून दुधासारखा पांढुरका धागा पाण्यांत उतरूं लागला. ते म्हणाले, “भाऊसाहेब, हा जंतूंचा मर रोग. बुरशीच्या औषधानें काय होणार? आणि आपण पीक बदललेंत कोठें? एकाच घरचीं तीन भावंडें तीन वर्षें एका पाटावर बसविलींत.”

हें आमच्या जिव्हारीं लागलें. वांगें, टोमॅटो, मिरची, बटाटा, तंबाखू, इतकेंच काय पण दारची रातराणी व उकिरड्यावरचा धोतरा, हीं सारीं एका कुळांतलीं आहेत. शास्त्रज्ञ त्या कुळास सोलॅनेसी म्हणतात. (कुळ म्हणतांच आम्हां महसुली माणसांस जमीन कसणारें कुळ आठवतें, येथें तो अर्थ नव्हे.) मर रोगाच्या जंतूचें राल्स्टोनिया हें नांव, तो मातींत वर्षानुवर्षें टिकतो, आणि या घराण्यांतील बहुतेक पिकें त्यास सारखींच गोड लागतात. बांधावर कामोणीचें तण राहूं दिलें तर पीक नसतांही त्याची सोय होते, कारण कामोणी वांग्याचीच सख्खी बहीण. आम्ही पिकाचें नांव तेवढें बदलीत होतों.

हें कुळ ओळखण्यास पदवी लागत नाहीं. फूल हातांत घ्यावें. पांच पाकळ्या बुडाशीं जोडलेल्या, मध्यें पांच पुंकेसर. वांगें, टोमॅटो व बटाटा यांत ते पिवळे केसर एकत्र मिटून शंकूसारखे उभे असतात. फूल गळलें तरी त्याची हिरवी टोपी फळावर कायम राहते; वांग्याची, टोमॅटोची आणि मिरचीची टोपी शेजारीं ठेवून पाहावी. पानावरून नातें ठरवूं नये. पान हें अंगरख्यासारखें आहे, देशकालाप्रमाणें बदलतें. फूल मात्र घराण्याची खूण सहसा सोडीत नाहीं. लिनियस नामक स्वीडनच्या पंडितानें अठराव्या शतकांत वनस्पतींची वर्गवारी केली ती फुलांतील केसर मोजूनच. त्याची मोजणीची रीत पुढें मागें पडली, पण 1753 सालीं त्यानें प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचें नांव देण्याची जी पद्धत घालून दिली, ती आज सर्व जगांत चालू आहे. पहिला शब्द आडनांवासारखा, दुसरा त्या व्यक्तीचा. आमच्या मतदारयाद्यांत आडनांव आधीं लिहितात, तसेंच हें. वांगें तें सोलॅनम मेलोंजेना, बटाटा सोलॅनम ट्युबरोझम. टोमॅटोची कथा तर आम्हांस घरची वाटली. लिनियसनें त्यास सोलॅनम याच आडनांवाखालीं नोंदविलें. 1754 सालीं मिलर नांवाच्या इंग्रज बागवानानें त्याचें खातें वेगळें काढून लायकोपर्सिकॉन असें नांव दिलें. पुढें विसाव्या शतकाच्या अखेरीस पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली, तींत वारसा सिद्ध झाला, आणि टोमॅटो पुनः सोलॅनमच्या खात्यांत आला. फेरफार मंजूर व्हावयास दोनशें वर्षांहून अधिक काळ लागला. आमच्या कचेरीस उगाच नांवें ठेवतात!

कोणी म्हणेल, आमचीं मराठी नांवें काय वाईट आहेत? मुळींच नाहींत. परंतु तीं रूपावरून, वासावरून, पूजेवरून पडलेलीं, वंशावरून नव्हेत. चाफा घ्या. सोनचाफा एका कुळाचा. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळाचा. देवळापुढचा पांढरा चाफा तर अमेरिकेहून आलेला, कण्हेर व सदाफुली यांचा भाऊबंद, आणि म्हणूनच फांदी मोडतांच चीक गाळणारा. पांढऱ्या चाफ्याची फांदी नुसती खोंचली तरी जगते. त्याच भरंवशावर सोनचाफ्याची फांदी खोंचून पावसाळाभर वाट पाहणारे गृहस्थ आमच्या आळींत आहेत. गाजर गवत हें गाजरही नव्हे आणि गवतही नव्हे. तें सूर्यफुलाच्या व शेवंतीच्या कुळांतलें. उलट भेंडी व कपाशी यांचीं नांवें कोठेंच जुळत नाहींत, पण दोघींचें फूल पाहतांच नातें पटतें. ठिपक्यांच्या बोंडअळीला तें आधींच ठाऊक असतें. खानदेश-वऱ्हाडांतील वाचकांस हें आम्हीं सांगावयास नको.

कुळाबरोबर आयुष्यही पाहावें लागतें. झेंडू, तेरडा, मुळा हीं एका हंगामांत फुलून, बीज देऊन मरतात. कांदा तसा नव्हे. त्याचा जन्म दोन हंगामांचा: पहिल्यांत तो पोटाला जमवितो, तेंच आपलें पीक, साठविलेला कांदा हिंवाळ्याच्या तोंडीं पुनः लाविला म्हणजे दांडा, गोंडा व बीं. पहिल्याच हंगामांत घाई करून डेंगळे काढणारे कांदे कांहीं शेतांत निघतात, आणि बीं आयतें मिळतें म्हणून कित्येक लोक तेंच राखतात. ही मोठी चूक आहे. उतावळ्याचें बीं उतावळेंच निपजतें, आणि दरवर्षीं डेंगळे वाढत जातात. कोबीही दोन हंगामांचाच, पण बीजास येण्यापूर्वीं त्यास दीर्घ थंडी लागते. म्हणून त्याचें बीं कुलूच्या खोऱ्यासारख्या थंड मुलुखांत होतें व आमच्याकडे विकत येतें. वांग्यास व मिरचीस परदेशी पुस्तकें एका वर्षाचीं म्हणतात, कारण तिकडे हिमानें तीं मरतात. आमच्याकडे छाटणी करून खोडवा राखतां येतो. मात्र खोडवा राखणें म्हणजे त्या कुळाचे रोगही तितके दिवस पोसणें, हें विसरूं नये.

आतां आमच्या मताकडे वळतों. आमच्या हातांखालून गेलेल्या असंख्य उताऱ्यांत पिकाच्या रकान्यांत “भाजीपाला” एवढाच शब्द होता, आणि आम्हींही त्यास कधीं हरकत घेतली नाहीं. सारा वसूल करण्यास तो पुरे होता. जमीन राखण्यास पुरेसा नव्हता. 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू होऊन शेतकरी स्वतः मोबाईलवर आपलें पीक नोंदवूं लागला, ही सुधारणा आम्हांस मान्य आहे. पण तीही नांवच विचारते. म्हणून प्रत्येक बागाइतदारानें घरीं एक वही ठेवून तुकड्यातुकड्याचें पीक कुळवार लिहावें, व एक कुळ उठल्यावर निदान दोनतीन वर्षें तेथें परत येऊं देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. रोपवाटिकावाल्यांसही ग्राहकानें अडवून विचारावें. रोपाच्या चिठ्ठीवर वाण, शास्त्रीय नांव व कुळ हीं तिन्ही असलींच पाहिजेत. जमिनीच्या खरेदीखतावर चतुःसीमा नसेल तर आपण सही करीत नाहीं. येथें मात्र “चांगलें रोप आहे, काका” एवढ्यावर पैसे मोजतों.

कुळ कळलें म्हणजे सारें कळलें, असें मात्र कोणी समजूं नये. मुळांवर गांठी आणणारे सूत्रकृमी वांग्याप्रमाणेंच भेंडीलाही धरतात, तेथें झेंडूची पाळी अधिक उपयोगी पडते. आणि मर रोगाचा हा जंतू कुळाची मर्यादा ओलांडून आल्याच्या वाफ्यांतही शिरतो. एका शेजाऱ्यानें आमचें ऐकून वांग्यामागें आलें लाविलें असतें, तें वेळींच थांबविलें.

आमच्या वहींत त्या तुकड्यापुढें नंतरचीं तीन वर्षें नाचणी, मका व चवळी अशीं लिहिलेलीं आहेत, आणि बांधावरची कामोणी दर पंधरवड्यास उपटली आहे. गतवर्षीं एका कोपऱ्यांत रानवांग्याच्या खुंटावर बांधलेलीं वांग्याचीं साठ कलमें लावून पाहिलीं. चार मेलीं. त्यांचीं खोडें पेल्यांत धरलीं, तर दोहोंतून तोच पांढरा धागा उतरला. त्या दोन्ही कलमांचे जोड मातींत गाडले गेले होते व जोडाच्या वरून वांग्यानें आपलीं स्वतःचीं मुळें सोडलीं होतीं. यंदा जोड वीतभर वर ठेवून लागण केली आहे.