पुढे चला, पुढे युरोप आहे!

मराठी माणसाने 'युरोपला जातोय' म्हटले की पहिला प्रश्न येतो, 'कुणाबरोबर?' यातला 'कुणा' म्हणजे बायको-मुले नव्हेत. कुठल्या टूरबरोबर, असा त्याचा अर्थ. आपण सांगावे, 'आम्ही दोघंच. महिनाभर. रेल्वेने, बसने, ट्रामने.' की समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू आपण पायी काशीला निघालो आहोत आणि परत यायचा विचार नाही.

'अहो, पण तिथल्या गाड्यांनी? तुमचे तुम्ही? हरवलात म्हणजे?'

आता गंमत पाहा. हे विचारणारे गृहस्थ पस्तीस वर्षे परळचा पूल ओलांडून, पलीकडे प्रभादेवीला चर्चगेट लोकल पकडत आलेले असतात. ते स्टेशन २०१८ साली एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले, तेव्हा ते हरवले नाहीत. दादरला पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेंचे आपापले 'एक नंबर' फलाट होते, तेव्हा हरवले नाहीत; आणि डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे नवे आकडे आले, तेव्हाही नाहीत. जलद, धीमी, बारा डबे, पंधरा डबे ही सारी लिपी जो धावता धावता वाचतो, तो व्हिएन्नाच्या रिकाम्या फलाटावर हरवणार? वाचकहो, माझे म्हणणे स्पष्ट आहे. सार्वजनिक वाहनांनी युरोप हिंडायला जगात सर्वांत लायक प्राणी कोण असेल, तर तो गिरगाव ते दादर या पट्ट्यात वाढलेला माणूस. त्याला कुणाच्या तरी उंच धरलेल्या छत्रीमागून मेंढरासारखे चालवणे हा त्याच्या शिक्षणाचा अपमान आहे!

'पंधरा दिवसांत दहा देश' ही जाहिरात मला नेहमी लग्नातल्या पंगतीसारखी वाटते. वाढपी येतो, वाढतो, आपण 'अहो, थांबा' म्हणेपर्यंत पुढे गेलेला असतो. ज्यांचे गुडघे कुरकुरतात, ज्यांना तब्येतीने एकट्याने जाणे झेपत नाही, त्यांनी टूरने खुशाल जावे. त्यांच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते धडधाकट माणसाला भीती घालून बसमध्ये कोंबण्याशी.

भीती पहिली, सामानाची. यावर उपाय सोपा आहे. बॅग भरली की ती घेऊन दादरचा पूल एकदा चढून-उतरून पाहावा. जमले तर युरोप जमला. नाही जमले तर तिसरी शाल आणि इस्त्री घरी ठेवावी.

भीती दुसरी, खाण्याची. युरोपीय संघात बाहेरच्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा श्रीखंडाचा डबा विमानतळावरच जाणार. पण मासळी मात्र स्वतःपुरती वीस किलोपर्यंत चालते! म्हणजे कायदा सुक्या बोंबलाच्या बाजूचा आहे. डब्यातले सहप्रवासी कुणाच्या बाजूचे असतील, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. बाकीच्यांना भडंग आणि मेतकूट आहेच.

भीती तिसरी, तिकिटांची. युरोपबाहेरच्या माणसासाठी युरेल नावाचा पास १९५९ पासून आहे आणि आज तो ३३ देशांत चालतो. साठी ओलांडलेल्यांना त्यात दहा टक्के सूट मिळते. पास म्हणजे सीट नव्हे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. फ्रान्स, स्पेन, इटलीतल्या वेगवान गाड्यांना आणि रात्रीच्या गाड्यांना आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत सरळ चढून बसता येते. व्हिएन्नाला संध्याकाळी चढावे, सकाळी रोमला उतरावे; कोकणकन्येने सावंतवाडीला जाणाऱ्याला यात नवीन काय? एका रात्रीचे हॉटेलही वाचते.

आणि जर्मन वक्तशीरपणाचे दडपण घेऊ नये. २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम बासष्ट टक्के वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे 'वेळेवर'च धरतात. अशा वेळी इतर प्रवासी हवालदिल होतात. आपण भडंगाची पुडी सोडावी.

खरे डोके लागते ते व्हिसाला. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. तीस हजार युरोंचा विमा. शिवाय कुठल्या रात्री कुठे झोपणार, याचा हिशेब. म्हणून महिन्याचे पाचच मुक्काम करावेत, सहा-सहा रात्रींचे. खोली स्टेशनजवळ घ्यावी आणि रोज सकाळी तिथल्या माणसासारखे बाहेर पडावे.

कारण खरा युरोप त्या सकाळच्या ट्राममध्ये बसलेला असतो. हॅम्बुर्गला शहराच्या साध्या तिकिटावर बंदरातल्या फेरीबोटीतही बसता येते. भाऊच्या धक्क्यावर उभे राहून याचा विचार करून पाहा. लक्झेंबर्गने तर २०२० पासून देशभरातल्या बस, ट्राम, रेल्वे फुकट केल्या. फर्स्ट क्लासला तेवढे पैसे पडतात, म्हणजे मिरवणाऱ्यांचीही सोय आहे. वॉकर घेतलेली आजी पायरी न चढता ट्राममध्ये शिरते, आणि तिच्याकडे कुणी कौतुकाने पाहत नाही, कारण त्यात कौतुक करण्यासारखे तिथे काही नसते.

टूरच्या काचेतून हे दिसत नाही. तिथून नुसती ट्राम दिसते. 'किती गोड!' म्हणून आपण तिचा फोटो काढतो, आणि आपल्याकडेही १८७४ पासून ट्राम होती, शेवटची ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली, हे आठवतसुद्धा नाही. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावात आली, चांगलेच झाले. पण त्याच वर्षी बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा झाले आणि गाड्यांची संख्या काही वर्षे घटतच आली आहे. परळला केईएममध्ये पेशंटचा डबा घेऊन जाणाऱ्या बाईला मेट्रोपेक्षा त्या बसची गरज जास्त आहे. तिने थांब्यावर किती वेळ उभे राहावे, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. 'मुंबईत असंच चालायचं' म्हणून आपण रिक्षा-टॅक्सीचे पैसे मोजून मोकळे होतो.

महिनाभर परक्या गावात बसच्या रांगेत उभे राहिलेला माणूस परत आला की असे म्हणू शकत नाही. बस पाटीवर लिहिलेल्या वेळेला येऊ शकते, हे त्याने स्वतः पाहिलेले असते. असा माणूस घरी आला की चार दिवस शेजाऱ्यांना पिडतो, पाचव्या दिवशी नगरसेवकाला पत्र लिहितो. आयफेल टॉवरची कीचेन आणणाऱ्यापेक्षा हा पाहुणा जरा त्रासदायक खरा, पण लालबागच्या थांब्यावरच्या रांगेला त्याचाच उपयोग आहे.