कागदपत्रं नीट असली की...

"कागदपत्रं नीट असली की कुणी त्रास देत नाही." परवा जेवताना एक मित्र अगदी ठामपणे म्हणाला. विषय होता आमच्या टीममधली घानाची मुलगी. युरोप फिरून आली आणि जागोजागी अडवलं म्हणून वैतागली होती. टेबलावर सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळे एकदा तरी ऑनसाइट जाऊन आलेले! मला ते वाक्य तेव्हाच खटकलं, पण उत्तर सुचतंय आज, शनिवारी. नेहमीप्रमाणे.

तर, कागदपत्रं. शेंगेन व्हिसाचे 90 युरो (जून 2024 पर्यंत 80 होते), नकार आला तरी परत मिळत नाहीत. किमान 30,000 युरोचा विमा, बँकेची स्टेटमेंट्स, परतीचं बुकिंग. हे आपणही करतो, मान्य. पण घानाच्या माणसाला तिथल्या विमानतळावर नुसतं विमान बदलायचं असलं तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो (अमेरिकेसारख्या देशाचा व्हिसा हाताशी असेल तर गोष्ट वेगळी). याउलट जर्मन पर्यटक सेनेगलला जातो तो पासपोर्ट खिशात टाकून. 90 दिवसांपर्यंत व्हिसाच नाही! सेनेगलच्या मुलीला बर्लिन बघायचं तर सुरुवात त्या 90 युरोंपासून.

बरं, मिळाला व्हिसा. पुढे? युरोपियन युनियनच्याच मूलभूत हक्कविषयक संस्थेने 2023 मध्ये अहवाल काढला. 13 देशांत राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना विचारलं. मागच्या पाच वर्षांत वंशभेद अनुभवलेले: 45 टक्के. 2016 च्या पाहणीत 39 होते. जर्मनी आणि ऑस्ट्रियात तर 70 च्या वर. आणि ही तिथेच राहणारी माणसं हो! यांचीही कागदपत्रं नीट नव्हती?

घानाच्याच आमा आटा आयडू यांची 1977 ची कादंबरी आहे, 'अवर सिस्टर किलजॉय'. सिसी नावाची तरुणी आधी जर्मनीला जाते, मग लंडनला. आपण 'काळी मुलगी' आहोत हे तिला जर्मनीतल्या रेल्वे स्टेशनवर पहिल्यांदा जाणवतं. पण ती नुसती बघून घेत नाही, उलट युरोपलाच निरखून बघते. किलजॉय म्हणजे रंगाचा बेरंग करणारी. आमच्या टेबलावर सिसी असती तर तिलाही हेच ऐकावं लागलं असतं, काय सारखी कुरकुर करतेस!

आता माझी गोष्ट. मागे एकदा युरोपात ट्रेनने जात होतो. सीमेजवळ पोलीस चढले. भरलेल्या डब्यात पासपोर्ट मागितला फक्त दोघांकडे, मी आणि समोरची आफ्रिकन मुलगी. माझा मिनिटभरात परत. तिची बॅग मात्र सगळ्यांदेखत सीटवर रिकामी करायला लावली. कपडे, चार्जर, सगळं. काही सापडलं नाही. सॉरीही नाही. मी काय केलं? खिडकीबाहेर बघत बसलो. मनात एकच, सुटलो बुवा!

मला वाटतं, मित्राचं ते वाक्य याच 'सुटलो बुवा'मधून येतं. आपल्याला थोडं कमी अडवलं, त्याचं श्रेय आपण आपल्या फायलीला देऊन टाकतो. म्हणजे जिला अडवलं तिचीच काहीतरी चूक असणार. सोयीचं आहे.

असो. सोमवारी जेवताना तिच्या शेजारी बसणार आहे. काय काय झालं ते विचारणार आणि मधे "आमच्यावेळी" असं काहीही न म्हणता ऐकणार. टेबलावरच्यांचा बेरंग झाला तर होऊ दे.