खरेदीखत आणि सातबारा

जमीन विकत घेणारे पुष्कळ शेतकरी बंधु असें समजतात कीं, तलाठ्याच्या दप्तरीं आपलें नांव चढलें म्हणजे आपण मालक झालों. आमच्या मतें ही समजूत घातक आहे. महसुलाचें दप्तर सांभाळतांना आम्हीं पाहिलेले कितीतरी तंटे हिच्याच पोटीं जन्मले. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणें सातबाऱ्यावरील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, इतकेंच. ती मालकी देत नाहीं. मालकी मिळते ती खतानें, आणि शंभर रुपये वा त्याहून अधिक किंमतीच्या स्थावराचें खरेदीखत १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वयें दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेंच लागतें. शंभर रुपयांस आज वीतभर बांध तरी मिळतो काय? तेव्हां सूट कोणासच नाहीं.

खतावर सह्या झाल्यापासून मुदत चार महिन्यांची. ती चुकल्यास आणखी चार महिने मिळूं शकतात, परंतु नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड भरून. स्टांपावर पंचांच्या सह्या घेऊन व्यवहार उरकणारांचें तेंच शेत मागाहून दुसऱ्यास नोंदणीकृत खतानें विकलें गेल्यास पहिल्याच्या हातीं बहुधा कज्जा तेवढा उरतो.

विसार देण्यापूर्वीं सूची क्रमांक २ चा शोध अवश्य घ्यावा. पूर्वीचीं नोंदलेलीं खरेदीखतें व गहाणखतें तींत सांपडतात. नोंदणीनंतर फेरफाराची वर्दी निबंधकाच्या कचेरींतून जाते खरी, तथापि हरकत आल्यास तो अडतो. म्हणून मंजुरीचा तपास खरेदीदारानें स्वतः करावा.